सगळ्यांना एकच हवा

छोटे, क्लबच्या कमिटीने यंदाच्या इलेक्ट्रिक ग्लायडर स्पर्धेची जबाबदारी तुझ्यावर टाकली, याचा मला फार आनंद झाला. फोनवर मात्र तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. "ताई, सगळे माझ्यापेक्षा वयाने मोठे, कितीतरी वर्षं उडवणारे. मी त्यांना हॉर्न वाजवून काय सांगणार?" एवढंच म्हणत राहिलीस. असल्या गोष्टी फोनवर घाईत सांगून होत नाहीत, म्हणून निवांत लिहितेय. इंग्लंडमधल्या क्लबांत ही कामं मी जवळून पाहिली आहेत, केली आहेत. आपल्याकडच्या मुलींपैकी कुणीतरी ती पुढे नेतंय, हे मला मनापासून हवं होतं.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की कर, बाकीचं सगळं तिच्यातून सुचत जाईल. ग्लायडरच्या स्पर्धेत हवा कुणाच्या हातात नसते. अकरा वाजता उडवणाऱ्याला झकास थर्मल, म्हणजे वर चढणारी हवा, सापडतो आणि साडेअकराला त्याच जागी सगळं आभाळ खाली बसतं. हवा तू बदलू शकत नाहीस. ती सगळ्यांना सारखी वाटली गेली की नाही, हे मात्र सर्वस्वी तुझ्या हातात आहे. ग्रुप कसे पाडायचे, हॉर्न कधी वाजवायचा, लँडिंगच्या खुणा कुठे मारायच्या, पाऊस आला तर काय करायचं, असा कुठलाही प्रश्न आला की स्वतःला विचारायचं: यात सगळ्यांना एकच हवा मिळतेय का?

तुला उडवता येतं, तरी आकडे पुन्हा एकदा सांगते, कारण स्पर्धा चालवणारीला ते झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या एफ५जे या प्रकारात पात्रता फेरीचा वेळ १० मिनिटांचा. मोटर एकदाच लावायची, जास्तीत जास्त ३० सेकंद. मग ती बंद, पाती मागे मिटली, आणि पुढचं सगळं नुसत्या हवेवर. दर सेकंदाला एक गुण, म्हणजे पूर्ण उड्डाणाचे साधारण ६००. वर खुणेजवळ उतरल्याचे गुण: एक मीटरच्या आत ५०, पुढे दर मीटरला पाच कमी, दहा मीटरच्या पलीकडे काही नाही. मॉडेलमधलं उंची मोजणारं यंत्र सुरुवातीची उंची नोंदवतं आणि तिचे गुण वजा होतात, २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा, त्यापुढे दर मीटरला तीन. म्हणजे १०० मीटरवर मोटर थांबवली तर ५० गुण गेले, २०० वर १००, आणि हात जरा सैल सुटून २१० झाले तर एकदम १३०.

या वजाबाकीतच खरा खेळ आहे. चांगलं मॉडेल शांत हवेत सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाली येतं असं धर. १०० मीटरवरून सोडलेलं ग्लायडर काहीच सापडलं नाही तर सव्वातीन-साडेतीन मिनिटांत गवतात. उरलेली सहा-साडेसहा मिनिटं वर चढणाऱ्या हवेतूनच मिळवावी लागतात. एखादा धाडसी ४० मीटरवर मोटर बंद करतो. त्याचे ३० गुण वाचतात, पण हवा नाही लागली तर पाचशेच्या आसपास हातचे जातात. हे बघताना मला अजूनही छातीत धडधडतं.

आणि हो, यंत्र मोटर थांबल्यावर आणखी दहा सेकंद उंची बघत असतं आणि त्यातली सगळ्यात मोठी उंची धरतं. मोटर बंद करून वेगाच्या जोरावर वर झेप घेणाऱ्या नवख्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. सकाळच्या सूचनांत तू सांग.

आता तुझ्यासाठी माझा सल्ला. क्लबात नवखे बरेच आहेत, फोमचं दोन मीटरचं मॉडेल घेऊन येणारे. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी एफ५जेची वजाबाकी आणू नकोस. अमेरिकेतल्या क्लबांत एएलईएस नावाची पद्धत रुजली आहे. त्यात ३० सेकंद किंवा २०० मीटर, जे आधी होईल तिथे यंत्र स्वतःच मोटर तोडतं. सगळे जवळपास एकाच उंचीवरून निघतात आणि पुढे फक्त हवा ओळखायची. २०० मीटर म्हणजे फोमच्या मॉडेललाही पाच-साडेपाच मिनिटं हाती असतात. तेवढ्यात तो थर्मल शोधायला शिकतो. ४० मीटरवरून शिकत नाही, नुसता मॉडेल उचलून आणायला शिकतो. जुन्याजाणत्यांना हे बाळबोध वाटेल, कुरकुर होईल. होऊ दे. त्यांना वर्षातून दोन दिवस पूर्ण एफ५जे दे, पण क्लबची मुख्य स्पर्धा सगळ्यांची असू दे.

ग्रुप पाडणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणून त्यावर जरा थांबते. एकाच वेळी पाच-सहा जण आकाशात असतात आणि त्यांची तुलना फक्त एकमेकांशी होते. ग्रुपमध्ये जो पहिला, त्याला १०००. बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. सकाळच्या ग्रुपमध्ये पहिल्याचे कच्चे गुण ६०० आणि दुसऱ्याचे ५४० आले, तर १००० आणि ९००. दुपारी हवा मेली, पहिल्याचे ४०० आणि दुसऱ्याचे ३६०, तरी १००० आणि ९००च. दुपारच्या माणसाचा त्या हवेत काही दोष नव्हता, आणि कागदावरही तो दिसत नाही. ही पद्धत मला इतकी आवडते की एखाद्याला समजावून सांगायची संधी मिळाली तर मी सोडत नाही.

पण ती टिकते कधी? ग्रुप पुरेसा मोठा असेल तेव्हा. दोघातिघांचा ग्रुप पाडलास तर एखादा जेमतेम तीन मिनिटं उडून १००० घेऊन जाईल, कारण दुसऱ्याचं त्याहून वाईट झालं. चारच्या खाली कधी उतरू नकोस. बारा जण आले तर सहा-सहाचे दोन ग्रुप हा अगदी सोन्यासारखा हिशेब आहे. सहा उडवतात, सहा त्यांची वेळ मोजतात, मग अदलाबदल. वेळ मोजायला बाहेरून एकही माणूस मागवावा लागत नाही.

वेळेचंही गणित बसतं. पाच मिनिटं तयारीची, दहा उड्डाणाची, पाच मोजमाप आणि नोंदीची, म्हणजे एका ग्रुपला वीस मिनिटं. पाच राउंडचे दहा ग्रुप म्हणजे तीन तास वीस मिनिटं. साडेदहाला पहिला हॉर्न, मध्ये अर्धा तास सँडविचला, अडीचच्या आत सगळं संपतं. साडेदहाच्या आधी इंग्लंडमधलं गवत दवाने ओलं असतं, हवा फारशी उठतही नाही, तेव्हा लवकर सुरू करण्याचा आग्रह धरू नकोस.

ड्रॉ आदल्या रात्री काढून ठेवू नकोस. कुणीतरी येत नाही, कुणीतरी न सांगता येतं. सकाळी नावनोंदणी बंद झाली की मगच काढ. ग्लायडरस्कोअर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते ड्रॉ काढतं, गुण जुळवतं आणि वेळेच्या घोषणाही देतं. ड्रॉमध्ये एक गोष्ट मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपास. प्रत्येक राउंडला माणसं बदलतायत ना, सगळे नवखे एकाच ग्रुपमध्ये तर पडले नाहीत ना. तेच ते चौघं दिवसभर एकमेकांसमोर आले तर एकच हवा मिळाली असं म्हणता येणार नाही.

आता टायमर. हा माणूस नुसता घड्याळवाला समजला जातो, आणि तिथेच स्पर्धा बिघडते. उडवणाऱ्याने मॉडेलवरून नजर काढायची नसते, म्हणून बाकी सगळं टायमर बघतो. शेजारच्याचं ग्लायडर कुठे चढतंय, पक्षी कुठे घिरट्या घालतायत, वारा फिरला का, किती मिनिटं उरली, आणि शेवटची दहा सेकंदं मोठ्याने मोजायची. तेव्हा तुला जोड्या लावताना विचार करावा लागेल. प्रत्येक नवख्यामागे एक मुरलेला टायमर उभा कर. मी तुला खात्रीने सांगते, नवखा माणूस वर्षभर एकटा उडवून जे शिकत नाही ते अशा दहा मिनिटांत शिकतो. कानाशी कुणीतरी शांतपणे म्हणतं, "डावीकडचा पंख उचलला गेला बघ, तिकडेच वळ." आणि ते ग्लायडर खरंच वर जायला लागतं. त्या माणसाचा चेहरा तेव्हा बघ. तो पुढच्या स्पर्धेला येणार म्हणजे येणारच.

उलट बाजूनेही तेच कर. मुरलेल्यांमागे नवख्याला घड्याळ देऊन उभं कर. आधी सकाळी त्याला सगळं दाखव: हातातून मॉडेल सुटलं की सुरू, जमिनीला टेकलं की बंद, पूर्ण सेकंद लिहायचे, वरचा तुकडा सोडून द्यायचा. उंची वाचल्याशिवाय बॅटरी काढू द्यायची नाही, कारण काही यंत्रांत नोंद शोधायला मग लॅपटॉप लागतो. नोंदीच्या चिठ्ठीवर उडवणारा आणि टायमर दोघांची सही. सही झाली की आकडा पक्का. संध्याकाळी "माझे चार सेकंद कमी धरले" म्हणून कुणी आलं तर चिठ्ठी दाखवायची. वाद घालायचा नाही.

मैदानाविषयी. शेतकरी मेहेरबान आहे तोवर क्लब आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्याचं पीक कधी उभं असतं, कधी कापलं जातं, हे स्पर्धेची तारीख ठरवण्याआधी विचार. उभ्या गव्हात किंवा पिवळ्या रेपसीडमध्ये उतरलेलं पांढरं ग्लायडर वीस पावलांवरून दिसत नाही. आणि ते शोधायला चार माणसं पीक तुडवत निघाली तर पुढच्या वर्षी मैदान नाही. पीक उभं असेलच तर एकानेच जायचं, ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच जायचं, आणि लांब उभं राहून दुसऱ्याने हाताने दिशा दाखवायची. पब्लिक फूटपाथ मैदानाच्या कडेने जात असेल तर त्या बाजूला लँडिंग ठेवू नकोस. कुत्रं घेऊन फिरायला आलेल्या आजोबांना तुझा हॉर्न कशाचा ते कळत नाही.

लँडिंगच्या खुणा वाऱ्याला आडव्या ओळीत, दोन खुणांमध्ये निदान दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून मार. सूर्य कुठे येणार ते बघ, उतरताना तो उडवणाऱ्याच्या डोळ्यांत नको. दहा मीटरची एकेक दोरी प्रत्येक खुणेला बांधून ठेव, तिच्यावर मीटरमीटरला रंगाचा पट्टा. टेप घेऊन धावाधाव करण्यापेक्षा हे फार सोपं. नाकाच्या टोकापासून खुणेपर्यंत मोजायचं. मॉडेल खुणेपासून ७५ मीटरच्या पलीकडे थांबलं तर एफ५जेमध्ये पूर्ण उड्डाणाचे गुण शून्य होतात. हा नियम क्लबातही ठेव, म्हणजे लोक परतीची उंची राखून ठेवायला शिकतात. नाकाला खिळा किंवा दातेरी पट्टी लावून जमिनीत रुतवायची कुणाची युक्ती असेल, तर सकाळीच नाही म्हण. माणसाच्या पायावर ती आली तर काय होईल ते सांगायला नको.

दुपारी वारा फिरेल. फिरतोच. लगेच खुणा हलवायला जाऊ नकोस. राउंडच्या मध्ये पहिला ग्रुप एका ओळीवर उतरला आणि दुसरा दुसऱ्या, असं झालं तर तो राउंड सारखा राहिला नाही. आपल्याकडे पहिल्या पंगतीला जे वाढलं तेच शेवटच्या पंगतीला वाढायचं असतं, तसंच हे. राउंड पूर्ण होऊ दे, मग हलव. पावसाचंही तेच. एक ग्रुप उडाला आणि दुसऱ्याच्या वेळी सर आली, थांबून पुढे उडवता आलं नाही, तर तो राउंडच रद्द. पहिल्या ग्रुपमध्ये ज्याने १००० कमावले तो नाराज होईल. त्याच्या पाठीवर हात ठेव, पण निर्णय बदलू नकोस. वारा ताशी तीसेक किलोमीटरच्या वर सलग टिकून राहिला की मी क्लबची स्पर्धा थांबवते. मोठ्या स्पर्धांत त्याहून जास्त वाऱ्यात उडवतात, पण तिथे फोमचं मॉडेल घेऊन आलेलं शाळकरी पोर नसतं.

कायद्याची बाजू कोरडी वाटेल, तरी तीच तुझी खरी ढाल आहे. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण मर्यादा ४०० फुटांची, म्हणजे सुमारे १२० मीटर. आपली मॉडेलं तर थर्मल लागल्यावर त्याच्या कितीतरी वर जातात. बीएमएफए या ब्रिटनच्या मॉडेल उड्डाण संघटनेच्या सभासदांना सीएए या नागरी विमान प्राधिकरणाच्या परवानगीपत्रामुळे साडेसात किलोखालच्या मॉडेलसाठी यात सवलत मिळते, पण तिला अटी आहेत. ते पत्र छापून घे, अधोरेखित करून वाच, स्पर्धेच्या दिवशी बरोबर ठेव. प्रत्येकाचं सभासदत्व, विमा आणि आयडी नोंदणीच्या टेबलावरच बघ, ओळखीचा असला तरी. जवळपास माणसांचे ग्लायडर उडवणारे क्लब असतील, तर आठवडाभर आधी त्यांना फोन कर. आणि दिवसभर एक माणूस फक्त आकाशाकडे बघणारा ठेव. खरं विमान किंवा ग्लायडर आलं की त्याने ओरडायचं आणि सगळ्यांनी खाली यायचं. त्यावेळी गुण, राउंड, कशाचाच विचार नाही.

हेही इथेच सांगून टाकते. सुट्टीत ग्लायडर घेऊन आईकडे जाणार म्हणत होतीस ना, तिथे वेगळे नियम आहेत. भारतात २०२१चे ड्रोन नियम लागतात आणि ग्रीन झोनमध्येही ४०० फुटांचीच मर्यादा. तिथे २०० मीटरची स्पर्धा आपल्या मनाने मांडता येणार नाही. जाण्याआधी नीट चौकशी कर.

मोटरच्या ग्लायडरला लोक खेळणं समजतात, म्हणून सांगते. बॅटरी जोडायची ती सोडायच्या ओळीवर उभं राहूनच, तंबूत नाही, टेबलावर नाही, मांडीवर तर नाहीच. मिटलेली पाती दिसत नाहीत, पण फिरली की बोट जातं. सकाळी तपासणी करताना प्रत्येकाला ट्रान्समीटर बंद करायला सांग. मोटर थांबली पाहिजे. ज्याची थांबली नाही त्याचं मॉडेल दुरुस्त होईपर्यंत बाजूला. लिपो बॅटऱ्या गाडीत चार्जिंगला लावून कुणी दूर जायचं नाही, आणि चार्जिंगच्या जागी वाळूची बादली. वाटेत उंची संपली, पुढे माणसं आहेत, अशा वेळी मोटर पुन्हा लावली की राउंडचे गुण शून्य होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याबरोबर हेही सांग की अशा वेळी मोटर लावणाऱ्याला या मैदानावर कुणी नावं ठेवणार नाही. हे तुझ्या तोंडून मोठ्याने आलं पाहिजे.

आणि हवा ओळखायला घारी. त्या बघण्याची तुझी शिदोरी इथल्या अनेकांकडे नाही. लहानपणी गच्चीवर झोपून आपण घारी बघायचो, पंख न हलवता वर वर जाणाऱ्या. इथे लाल घारी आहेत. इंग्लंडमधून त्या संपल्या होत्या, १९८९ पासून त्यांना चिल्टर्न्सच्या टेकड्यांत पुन्हा आणून सोडलं आणि आता मध्य-दक्षिण इंग्लंडात जागोजाग दिसतात. बझर्डही आहेत, उन्हाळ्यात पाकोळ्यांसारखे स्विफ्ट. ते सगळे एका जागी गोळा होऊन फिरायला लागले की खालची हवा उठतेय असं समजायचं. नांगरलेलं काळं रान, डांबराची वाट, झाडीची कडा, तिथून हवा सुटते. उंच काठीला हलकी रिबन बांधून मैदानाच्या चारी कोपऱ्यांत उभी कर. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा वेगळा हलला की मध्ये काहीतरी घडतंय. या रिबनी सगळ्यांना दिसतील अशा लाव, स्वतःच्या ओळखीच्या दोघांनाच दिसतील अशा नाही.

पूर्वी हे असं नव्हतं, छोटे. एफ३जेच्या, म्हणजे दोरीने ओढून ग्लायडर वर चढवण्याच्या, काळात दीडशे मीटरची दोरी आणि ती ओढत धावणारी दणकट माणसं लागायची, किंवा मग विंच, तिची जड बॅटरी, ती वाहून न्यायला गाडी. संघ नसेल तर स्पर्धा नाही. मोटर आली आणि एकटं माणूस मॉडेल हातात घेऊन मैदानात येऊ शकलं. गुडघे गेलेले आजोबा आले, बारा वर्षांची मुलगी आली, आपल्यासारख्या आल्या. एफ५जेची पहिली जागतिक स्पर्धा २०१९मध्ये स्लोव्हाकियात त्रनावाला झाली, म्हणजे हा प्रकार किती नवा आहे बघ. यात कुणाची पिढीजात मक्तेदारी नाही. तेव्हा "ते सगळे मोठे, मी कोण" हा विचार आत्ताच सोड.

त्या मोठ्यांशी वागायचं कसं, तेही सांगते. नियम एका पानावर लिही, दहा दिवस आधी सगळ्यांना पाठव. हवेत टक्कर झाली तर? दोघांनीही ताबडतोब उतरायचं आणि मागितलं तर पुन्हा उड्डाण, पण टक्करीनंतर उडत राहिलात तर जे गुण आले तेच. हॉर्नच्या आधी मॉडेल सोडलं तर? तो प्रयत्न बाद. वेळ संपल्याच्या हॉर्ननंतर हवेत राहिला तर? लँडिंगचे गुण नाहीत, आणि एक मिनिटाहून जास्त उशीर झाला तर उड्डाणच शून्य. हे आधी लिहिलेलं असलं की मैदानावर तुला न्याय करत बसावं लागत नाही. फक्त पान वाचून दाखवायचं. कुणी आवाज चढवला तर तू उतरव. "जेवणाच्या सुट्टीत बोलू" म्हण आणि पुढचा हॉर्न वेळेवर वाजव. वेळेवर वाजणारा हॉर्न हीच तुझी सगळ्यात मोठी अधिकारवाणी. तीन राउंड वेळेवर गेले की लोक तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि या वर्षी तू स्वतः उडवू नकोस. मला माहीत आहे तुला जड जाईल. पण ग्रुपमध्ये उडत असताना हॉर्न कुणाचा, निर्णय कुणाचा? गुण लिहायला दुसरं माणूस बसव, सोडण्याच्या ओळीवर तिसरं. तू मोकळी राहा, फिरत राहा, कोण एकटं उभं आहे ते बघ. पुढच्या वर्षी दुसरं कुणी चालवेल, तेव्हा उडव.

फ्लाय-ऑफ ठेवायचा का, असं विचारलं होतंस. मोठ्या स्पर्धांत ठेवतात, १५ मिनिटांचा. माझं मत स्पष्ट आहे, क्लबात नको. तेवढ्या वेळात पाच-सहा जण उडतात आणि बाकीचे गाड्या भरायला लागतात. त्याऐवजी सहावा राउंड घे, सगळ्यांना उडू दे, आणि प्रत्येकाचा सगळ्यात वाईट राउंड सोडून दे. फोमच्या मॉडेलवाल्यांना वेगळं बक्षीस ठेव, वेगळे ग्रुप नको. त्यांनी त्याच हवेत त्याच लोकांबरोबर उडवलं पाहिजे. निकाल वाचताना पहिल्या तिघांवर थांबू नकोस. पूर्ण यादी वाच, शेवटच्या नावापर्यंत, आणि शेवटच्या माणसाचं एक चांगलं उड्डाण आठवून सांग. प्रत्येकाचं एक तरी असतंच. दिवसभर फिरत राहिलीस तर तुला ते दिसलेलं असेल.

जमलं तर त्याआधी एकदा बकमिन्स्टरला जा, बीएमएफएच्या राष्ट्रीय केंद्रावर, एखादी सोअरिंगची स्पर्धा असेल त्या दिवशी. मॉडेल नेऊ नकोस. "टायमर हवाय का" असं विचार. सगळीकडे हवाच असतो. दिवसभर कुणाच्या तरी खांद्यामागे उभी राहिलीस की अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

आता एवढं कर: उद्याच शेतकऱ्याला फोन करून गहू कधी कापणार ते विचार आणि त्यानंतरचे दोन रविवार मला कळव. एक स्पर्धेचा, एक पावसासाठी राखीव. नियमांचं पान लिहून झालं की पाठव, आपण दोघी मिळून एकदा वाचू. आणि दहा मीटरच्या दोऱ्या माझ्याकडे सहा पडून आहेत, रंगाचे पट्टे मारलेल्या. त्या मी पोस्टाने पाठवतेय, नव्या घेऊ नकोस.